प्रतीक्षायादीतून मिळालेला प्रवेश आणि एक वर्षाची मुभा

अमेरिकेतील महाविद्यालयांत पदवी अभ्यासक्रमासाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्याला मार्चअखेरीस किंवा एप्रिलच्या आरंभी जे उत्तर येते, ते प्रवेश, नकार किंवा प्रतीक्षायादी यांपैकी एक असते. तिसरे उत्तर मिळालेला विद्यार्थी बहुधा दुसऱ्या एखाद्या महाविद्यालयात जागा पक्की करून ठेवतो आणि उन्हाळाभर वाट पाहतो. मे-जूनमध्ये, क्वचित जुलै-ऑगस्टमध्ये, हव्या असलेल्या महाविद्यालयाचे बोलावणे आले, तर त्याला एकाच वेळी दोन निर्णय घ्यावे लागतात : जागा स्वीकारायची की नाही, आणि स्वीकारायची तर लगेच रुजू व्हायचे की एक वर्ष थांबून. शालेय शिक्षण आणि महाविद्यालय यांच्यामध्ये हेतुपुरस्सर घेतलेल्या अशा वर्षाला गॅप इयर म्हणतात, तर मिळालेला प्रवेश पुढील वर्षासाठी राखून ठेवण्यास महाविद्यालयाने दिलेल्या लेखी संमतीला डिफरल म्हणतात. एरवी सहज मिळू शकणारी ही संमती प्रतीक्षायादीतून आलेल्या विद्यार्थ्याला मात्र अवघड जाते. त्याचे कारण प्रतीक्षायादीच्या रचनेतच असल्यामुळे आधी ती रचना समजून घेणे इष्ट ठरते.

प्रतीक्षायादी कशासाठी असते

प्रवेश देऊ केलेल्या विद्यार्थ्यांपैकी प्रत्यक्षात जितके येतात त्या प्रमाणाला अमेरिकी प्रवेशव्यवहारात यील्ड म्हणतात. हे प्रमाण आधी अचूक सांगता येत नसल्यामुळे महाविद्यालय अंदाजाने प्रवेशपत्रे पाठवते आणि अंदाज चुकून जागा उरल्या, तर त्या भरण्यासाठी काही विद्यार्थ्यांना राखीव ठेवते. प्रवेश मिळालेल्यांनी होकार कळवून डिपॉझिट, म्हणजे जागा पक्की करण्याची आगाऊ रक्कम, भरण्याची प्रचलित तारीख १ मे ही असल्याने त्यानंतरच्या आठवड्यांत किती जागा रिकाम्या आहेत हे स्पष्ट होते आणि तेव्हा प्रतीक्षायादी हलू लागते. पुढेही काही विद्यार्थी गळतात. कोणाला दुसरीकडून बोलावणे येते, कोणाला व्हिसा मिळत नाही, कोणाचे पैशांचे गणित जुळत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाच्या दबावाखाली प्रवेश-समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेला आपल्या आचारसंहितेतून एक बंधन काढावे लागले. एका महाविद्यालयाला होकार दिलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्याने वळवू पाहू नये, असे ते बंधन होते. ते गेल्यामुळे १ मेनंतरची ही हालचाल रोखणारा एक अडसर दूर झाला.

ही यादी रेल्वेच्या वेटिंग लिस्टसारखी बहुधा नसते. आपला क्रमांक अमुक होता, तो आता इतका वर सरकला, असे काही तेथे सांगता येत नाही. रिकाम्या झालेल्या जागा कोणत्या विषयाच्या, कोणत्या प्रदेशातील विद्यार्थ्यांच्या, शुल्क स्वतः भरू शकणाऱ्यांच्या की मदतीची गरज असणाऱ्यांच्या, हे पाहून प्रवेश कार्यालय यादीतून निवड करते. एखाद्या महाविद्यालयाची यादी किती हलते याचा अंदाज बांधायचा असेल, तर बहुतेक महाविद्यालये दरवर्षी प्रसिद्ध करत असलेल्या कॉमन डेटा सेट या ठरावीक नमुन्यातील माहितीपत्रकाचा सी-२ हा भाग पाहावा. किती जणांना यादीत ठेवले, किती जणांनी यादीत राहणे पसंत केले आणि अखेर किती जणांना प्रवेश मिळाला, असे तीन आकडे त्यात सलग दिलेले असतात. एका वर्षाच्या आकड्यांवरून निष्कर्ष न काढता चार-पाच वर्षांचे आकडे शेजारी मांडून पाहिले, तर हे प्रमाण वर्षागणिक किती बदलते हे लक्षात येते.

दोन मागण्यांतील विरोध

प्रतीक्षायादीतून बोलावणे येते ते याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये रिकामी राहणारी जागा भरण्यासाठी. त्या जागेबरोबर वसतिगृहातील खाट, वर्गातील आसन आणि त्या वर्षीच्या अंदाजपत्रकातील शुल्काची रक्कम जोडलेली असते. अशा वेळी बोलावलेल्या विद्यार्थ्याने वर्षभराची मुदत मागितली, तर महाविद्यालयाच्या दृष्टीने ती जागा पुन्हा रिकामी होते आणि वर पुढील वर्षाची एक जागा आतापासून अडकून पडते. म्हणून अनेक महाविद्यालयांच्या नियमांत प्रतीक्षायादीतून प्रवेश मिळालेल्यांना डिफरल मिळणार नाही, असे स्पष्ट म्हटलेले असते. काही ठिकाणी आजारपण, सक्तीची लष्करी सेवा किंवा व्हिसाचा विलंब एवढीच कारणे मान्य होतात, तर काही ठिकाणी प्रत्येक अर्जाचा स्वतंत्र विचार होतो. हा नियम महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर सहसा प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठीच्या भागात असतो आणि तो प्रवेश मिळाल्यावर नव्हे, तर एप्रिलमध्ये यादीत राहण्याचा होकार कळवतानाच वाचून ठेवावा.

नियमित फेरीतील विद्यार्थ्यांबाबतच्या उदार धोरणावरून येथे निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. हार्वर्ड महाविद्यालय प्रवेश मिळालेल्यांना एक वर्ष थांबण्याचा विचार करण्यास अनेक दशकांपासून प्रोत्साहन देत आले आहे. तेथे दरवर्षी साधारण ८० ते १३० विद्यार्थी तसे करतात, आणि २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या थोरल्या कन्येने हाच मार्ग स्वीकारल्याचे जाहीर झाल्यावर या प्रथेची जगभर चर्चा झाली. परंतु ही सवलत ज्यांची जागा आधीच मोजली गेली आहे त्यांच्यासाठी असते. उरलेली जागा भरण्यासाठी ज्याला बोलावले जाते त्याची स्थिती वेगळी असते.

महाविद्यालयच थांबायला सांगते तेव्हा

याच्या उलट प्रकारही अस्तित्वात आहे. हार्वर्डमध्ये प्रतीक्षायादीतील काही विद्यार्थ्यांना एक वर्ष थांबण्याच्या अटीवरच प्रवेश दिला जातो आणि त्यांच्या यादीला झेड-लिस्ट या नावाने ओळखले जाते. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीविरुद्धच्या खटल्याची सुनावणी २०१८ मध्ये बॉस्टनच्या संघीय न्यायालयात झाली, तेव्हा या यादीत दरवर्षी साधारण ५० ते ६० विद्यार्थी असतात आणि त्यांत माजी विद्यार्थ्यांच्या मुलांचे प्रमाण बरेच मोठे असते, हे समोर आले. या यादीसाठी अर्ज करता येत नाही. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याने तिच्यावर भिस्त ठेवण्याचे कारण नाही, परंतु असे पत्र आलेच, तर त्यात वर्षाची परवानगी मागावी लागत नाही आणि प्रश्न उरतो तो फक्त ते वर्ष कसे घालवायचे याचा.

दुसरा प्रकार अर्ध्या वर्षाचा आहे. व्हर्मांट राज्यातील मिडलबरी महाविद्यालय आपल्या नव्या विद्यार्थ्यांपैकी एक तुकडी सप्टेंबरऐवजी फेब्रुवारीत दाखल करून घेते, आणि इतर काही महाविद्यालयांतही जानेवारीत सुरू होणारा प्रवेश असतो. परदेशी गेलेल्या किंवा लवकर पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यांमुळे रिकाम्या होणाऱ्या खाटा अशा रीतीने भरल्या जातात. पूर्ण वर्ष मिळत नसेल, तर असा मधला मार्ग उपलब्ध आहे का, हे विचारण्यास हरकत नसते.

विचारण्याचा क्रम

प्रतीक्षायादीतून आलेल्या बोलावण्याला उत्तर देण्यासाठी कधी दोन-तीन दिवस, तर कधी जेमतेम आठवडा मिळतो. या अल्प मुदतीत परवानगी आधी मागावी की होकार आधी द्यावा, याचे उत्तर विद्यार्थ्याच्या एका खऱ्या इच्छेवर अवलंबून असते : परवानगी नाकारली गेली, तरी तो याच ऑगस्टमध्ये तेथे जाईल का?

जाईल असे उत्तर असेल, तर आधी विनाअट होकार द्यावा, डिपॉझिट भरावे आणि मगच डिफरलचा अर्ज करावा. कारण होकारालाच अट जोडली, तर कार्यालय पुढील विद्यार्थ्याकडे वळण्याची शक्यता असते. जाणार नाही असे उत्तर असेल, तर होकार देण्यापूर्वीच स्पष्ट विचारणा करावी, कारण होकार देऊन नंतर माघार घेण्यात दुसऱ्या कोणाची तरी जागा अडवली जाते आणि ज्या शाळेतून अर्ज गेला तिच्या पुढील विद्यार्थ्यांविषयीही प्रतिकूल मत बनू शकते. दोन्ही स्थितींत पहिल्या महाविद्यालयाची जागा सोडण्याची घाई करू नये. नव्या महाविद्यालयाचे लेखी प्रवेशपत्र आणि मदतीची रक्कम हाती आल्यावर मात्र एक दिवसही न दवडता पहिल्याला नकार कळवावा. पहिले डिपॉझिट सहसा परत मिळत नाही आणि ते काहीशे डॉलर या व्यवहाराचा खर्च म्हणून आधीच धरून ठेवावे. दोन्हीकडे डिपॉझिट भरून दोन्ही जागा धरून ठेवणे गैर समजले जाते. प्रतीक्षायादीत नाव ठेवून एका ठिकाणी डिपॉझिट भरणे हाच त्याला अपवाद आहे, आणि तो बोलावणे स्वीकारताच संपतो.

डिफरलच्या विनंतीचे पत्र विद्यार्थ्याने स्वतः लिहावे. पालकांचे किंवा सल्लागार संस्थेचे पत्र चालत नाही असे समजूनच चालावे. पत्र एका पानाहून मोठे नसावे आणि त्यात हे वर्ष कशासाठी हवे, त्यातील काम कोठे व कोणाबरोबर ठरले आहे, खर्च कसा भागणार आणि पुढील वर्षी येण्याची निश्चिती, या चारच गोष्टी असाव्यात. ‘जग पाहायचे आहे, स्वतःला ओळखायचे आहे’ अशा वाक्यांनी कार्यालयाला काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘सप्टेंबर ते डिसेंबर सातारा जिल्ह्यातील घरच्या दुग्धव्यवसायाचे हिशेब संगणकावर आणणे, जानेवारी ते मे पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन भाषेचा पुढचा टप्पा पूर्ण करणे, आणि त्याच काळात आठवड्यातून तीन दिवस गावच्या शाळेत गणित शिकवणे’ असा महिनावार आराखडा दिला, तर तो पडताळता येतो. प्रतीक्षायादीतील विद्यार्थ्याने आणखी एक काळजी घ्यावी. यादीत असताना आपला रस कायम असल्याचे जे पत्र त्याने पाठवलेले असते, त्यात याच वर्षी येण्याची उत्सुकता व्यक्त केली असेल, तर आता बेत का बदलला याचे प्रामाणिक कारण पत्रात यायला हवे.

संमतीपत्रातील अटी

डिफरल मंजूर झाले, की महाविद्यालय एक संमतीपत्र सही करून मागते आणि त्यातील अटी मोडल्यास प्रवेश रद्द होऊ शकतो. या काळात अन्य महाविद्यालयांकडे नव्याने अर्ज करायचा नाही, बारावीचा अंतिम निकाल आधीच्या गुणांशी सुसंगत असायला हवा, आराखड्यात मोठा बदल झाल्यास कळवायचे, आणि ठरलेल्या तारखेला पुन्हा होकार द्यायचा, अशा त्या अटी असतात. मराठी कुटुंबांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची अट वेगळीच आहे. या वर्षात दुसऱ्या कोणत्याही संस्थेच्या पदवी अभ्यासक्रमाला पूर्णवेळ प्रवेश घ्यायचा नाही, असे बहुतेक संमतीपत्रांत म्हटलेले असते. वर्ष वाया जायला नको म्हणून इकडे एफवायबीएस्सीला नाव घालून ठेवू किंवा सीईटीच्या फेरीत मिळालेली अभियांत्रिकीची जागा धरून ठेवू, हा घरोघरी सुचणारा व्यवहारी उपाय येथे अंगलट येऊ शकतो. तसे केल्यास विद्यार्थी नवा प्रवेशार्थी न राहता दुसऱ्या महाविद्यालयातून बदली घेऊ पाहणारा ठरतो, आणि त्याच्यासाठी प्रवेशाचे व मदतीचे नियम निराळे असतात. एखादा भाषावर्ग, संगणकाचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम किंवा चित्रकलेचा वर्ग सहसा चालतो, पण तोही पदवीच्या श्रेयांकांत मोजला जाणारा नसावा आणि शंका असेल तेथे आधी लेखी विचारून घ्यावे.

बारावीनंतर पुन्हा परीक्षा देण्यासाठी ड्रॉप घेणे आपल्याकडे परिचित आहे. त्यात जागा हाती नसते आणि सगळे वर्ष ती मिळवण्यासाठी जाते. डिफरलमध्ये जागा हाती असते आणि ती टिकवण्यासाठी अटी पाळायच्या असतात. हा फरक घरातील वडीलधाऱ्यांना आरंभीच समजावून सांगितला, तर वर्षाच्या मध्यावर होणारे वाद टळतात. बेत फिसकटून पुढील वर्षी महाराष्ट्रातच प्रवेश घ्यावा लागला, तर अनेक महाविद्यालये गॅप सर्टिफिकेट, म्हणजे मधल्या काळाचे कारण सांगणारे प्रतिज्ञापत्र, मागतात. म्हणून वर्षभरातील कामाचे दाखले जपून ठेवावेत.

पैशांचे गणित

प्रतीक्षायादीपर्यंत येताना महाविद्यालयाची मदतीची रक्कम बरीचशी वाटली गेलेली असते. एरवी अर्जदाराची आर्थिक स्थिती न पाहता निवड करणारी काही महाविद्यालयेही प्रतीक्षायादीतून निवडताना ती पाहतात. त्यामुळे बोलावण्याबरोबर मदतीचे पत्र आले आहे की नाही हे आधी तपासावे, आणि आले असेल, तर ती मदत पुढील वर्षी तशीच राहील का, हे स्वतंत्रपणे विचारावे. गरजेवर आधारित मदत दरवर्षी नव्या कागदपत्रांवरून ठरते, तर गुणवत्तेवर दिलेली शिष्यवृत्ती काही ठिकाणी थांबलेल्या विद्यार्थ्याला पुढे मिळत नाही. प्रवेशाचे डिफरल म्हणजे मदतीचे डिफरल असे गृहीत धरणे ही या सगळ्या व्यवहारातील सर्वांत महाग चूक ठरू शकते.

थांबण्याची किंमतही हिशेबात घ्यावी. अनेक खासगी महाविद्यालयांचा शुल्क, निवास आणि भोजन धरून वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरांच्या पुढे गेला आहे. तो वर्षभरात चार टक्क्यांनी वाढला असे धरले, तर पहिल्याच वर्षी ३,२०० डॉलर अधिक लागतील, आणि त्याच काळात डॉलर दोन रुपयांनी महागला, तर ८० हजार डॉलरांमागे आणखी १ लाख ६० हजार रुपये लागतील. शैक्षणिक कर्जाच्या मंजुरीपत्रालाही मुदत असते आणि ते नव्या वर्षासाठी पुन्हा काढावे लागते. उलट बाजूने पाहता, हे वर्ष बचतीसाठी, तारण ठेवायच्या मालमत्तेची कागदपत्रे नीट करण्यासाठी आणि व्याजाचे दर तुलनेने पाहण्यासाठी उपयोगी पडते.

आय-२० आणि व्हिसा

अमेरिकी महाविद्यालय परदेशी विद्यार्थ्याला आय-२० हा दाखला देते, ज्यात अभ्यासक्रम सुरू होण्याची तारीख, खर्च आणि सेव्हिस या केंद्रीय नोंदप्रणालीतील क्रमांक असतो. तो मिळाल्यावर ३५० डॉलरचे सेव्हिस शुल्क भरून एफ-१ या विद्यार्थी व्हिसासाठी मुलाखतीची वेळ घ्यायची असते आणि अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांहून अधिक आधी अमेरिकेत प्रवेश करता येत नाही. जूनच्या अखेरीस प्रतीक्षायादीतून बोलावणे आले, तर ऑगस्टच्या मध्यापर्यंत हे सगळे उरकायचे असते आणि मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात वेळ न मिळणे ही अगदी शक्य कोटीतील गोष्ट असते. २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीपासून सुमारे तीन आठवडे विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणेच थांबवण्यात आले होते, तेव्हा उशिरा प्रवेश मिळालेल्यांची अडचण वाढली. अशा विलंबामुळे मागितलेल्या डिफरलकडे अनेक महाविद्यालये हौसेच्या गॅप इयरपेक्षा वेगळ्या दृष्टीने पाहतात. म्हणून मुलाखतीच्या उपलब्ध तारखांचा पडद्यावरील पुरावा आणि अर्जाची पावती जपून ठेवावी व परदेशी विद्यार्थ्यांचे काम पाहणाऱ्या कार्यालयाला वेळीच कळवावे.

डिफरल आधीच ठरले असेल, तर चालू वर्षाचा आय-२० काढून व्हिसाला अर्ज करू नये. तो काढून झाला असेल, तर तारीख बदललेला किंवा नवा आय-२० मिळेपर्यंत थांबावे, आणि आधी भरलेले सेव्हिस शुल्क लागू राहील का, हे त्याच कार्यालयाकडून लेखी घ्यावे. मुलाखतीत मधल्या वर्षाविषयी प्रश्न येऊ शकतो. त्याचे उत्तर संमतीपत्रातील आराखड्याशी जुळणारे आणि दोन-तीन वाक्यांत सांगता येण्यासारखे असावे.

वर्षाची आखणी

काही महाविद्यालये स्वतःच हे वर्ष आखून देतात. प्रिन्स्टन विद्यापीठाने २००९ मध्ये नऊ महिन्यांचा सेवाकार्यक्रम सुरू केला, त्यासाठी शुल्क घेतले जात नाही आणि आरंभीच्या वर्षांत त्याचे भारतातील केंद्र वाराणसी येथे होते. असा कार्यक्रम नसेल तेथे विद्यार्थ्याला स्वतः आखणी करावी लागते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या संस्थेने २००६ पासून चालवलेल्या निर्माण या युवक उपक्रमासारख्या ठिकाणी स्वतंत्र निवडप्रक्रिया असते. तेथील जागा आधीच मिळाली आहे असे धरून आराखडा लिहू नये. एक मुख्य काम, एक शिकण्याची गोष्ट आणि दोन-तीन आठवड्यांची मोकळीक एवढाच आराखडा पुरेसा असतो. त्याहून अधिक भरल्यास दिवाळीपर्यंतच तो कोलमडतो.

परवानगी नाकारली गेल्यास

नकार आल्यास तीन मार्ग उरतात. पहिला, याच वर्षी रुजू होणे आणि गरज वाटल्यास पहिल्या वर्षानंतर सुट्टी घेणे. मात्र एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याने कार्यालयाच्या मान्यतेने अभ्यास थांबवला, तर त्याला १५ दिवसांत अमेरिका सोडावी लागते आणि पाच महिन्यांहून अधिक काळ दूर राहिल्यास परतताना बहुधा नवा आय-२० काढावा लागतो. दुसरा, पहिल्या महाविद्यालयातील राखलेल्या जागेसाठी डिफरल मागणे; नियमित फेरीतील प्रवेशामुळे ते तेथे मिळण्याचा संभव अधिक असतो, परंतु ते मिळाल्यावर अन्यत्र अर्ज करता येत नाही. तिसरा, दोन्ही जागा सोडून पुढील वर्षी नव्याने अर्ज करणे. त्यात यंदाच्या बोलावण्याचा कोणताही हक्क उरत नाही. आयईएल्टीएस आणि टोफेल यांचे गुण दोन वर्षे चालतात, एवढाच काय तो आधार असतो, म्हणून हा मार्ग दोन्हीपैकी एकाही महाविद्यालयात जाण्याची खरी इच्छा नसेल तेव्हाच निवडावा.

परवानगी मिळालेल्या विद्यार्थ्याने मात्र पुढील जानेवारीपासूनच परतीची तयारी सुरू करावी. मदतीचे अर्ज महाविद्यालयाने दिलेल्या मुदतीत पुन्हा भरणे, वसंतात पुन्हा होकार कळवणे, नव्या बँक दाखल्यांसह आय-२० मागवणे आणि तो हाती पडताच व्हिसाची मुलाखत ठरवणे ही कामे त्याला नियमित फेरीतील नव्या विद्यार्थ्यांच्या आधी उरकता येतात. मागील वर्षी ज्याच्याकडे उत्तरासाठी मोजके दिवस होते, त्याच्या हाती आता सात-आठ महिने असतात. त्यामुळे या खेपेस मुदत चुकली, तर ते कारण कोणतेही प्रवेश कार्यालय सहजासहजी मान्य करणार नाही.